जुळा भूकंप

तमिळनाडूतल्या मरुदानल्लूरहून येणारी रेघ मंगळवारी सकाळी थांबली.

हैदराबादच्या संस्थेत श्रीरंजनीच्या टेबलावरच्या पडद्यावर ती रेघ गेली चार वर्षं थरथरत होती. रस्त्याने ट्रॅक्टर गेला, शेजारच्या शेतात पंप सुरू झाला, बंगालच्या उपसागरात कुठे वादळ उठलं, सगळं तिच्यात उमटायचं. आता ती अगदी सरळ झाली होती. आधी तिला वाटलं, सोलर पॅनेलवर झावळी पडली असेल. तसं पूर्वी झालं होतं आणि मुरारीमामाने शिडी लावून ती काढली होती. तिने मामाला फोन केला. त्याने उचलला नाही. दुपारी केला, संध्याकाळी केला, तरी नाही. मामा फोन न उचलणाऱ्यांतला नव्हता. उलट भजनाहून घरी आला की तोच फोन करायचा, "तुझें यंत्र ठीक आहे" एवढं घरच्या तंजावरी मराठीत सांगायचा आणि ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा तिने रजा टाकली आणि चेन्नईची गाडी धरली.

गाडीत तिला एका जागी बसवेना. उठून दारापाशी जायची, परत यायची, फोनवर जगभरच्या भूकंपांची यादी बघायची. जपान, फिजी, इराण. पेरू नव्हतं. तिला हायसं वाटायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन हातात यायचा.

मामाच्या नारळीच्या बागेत एक बोअर होती, पाणी आटल्यावर सोडून दिलेली. तिच्या तळाशी श्रीरंजनीने भूकंपमापक सोडला होता. वरच्या मऊ मातीत बसगाड्यांचा, पंपांचा, माणसांचा सगळा गोंगाट भरलेला असतो. तिथे खाली मात्र बरीच शांतता होती. आणि जागा अशी की पेरूच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात तळ हलला तर त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून जवळजवळ आरपार जाऊन वीसेक मिनिटांत इथे बाहेर पडते. अशी लाट पकडता येईल अशा जागा जगात फार थोड्या, कारण एका बाजूला जमीन असली तर बरोबर पलीकडे बहुधा समुद्र असतो.

तिला हवी होती ती गाभ्याची बातमी. मधोमध लोखंडाचा गोळा, सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला, तरी वरच्या प्रचंड भाराने घट्ट राहिलेला. त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड, उष्णतेने सतत वरखाली होणारं. तो आतला गोळा आपल्या बरोबरीने फिरतो की थोडा मागेपुढे सरकतो, यावर जगभर वाद चालू होता. तो सोडवायचा तर एकाच जागी, सारख्याच जोराचे, पण काही वर्षांच्या अंतराने झालेले दोन भूकंप हवेत. आणि ते दोन्ही ऐकणारं यंत्र जागचं हललेलं नको. दोन लाटांच्या वेळेत फरक निघाला तर मधे काहीतरी सरकलं. पहिला भूकंप तिला यंत्र बसवलं त्याच वर्षी मिळाला होता. त्या जागी तसे भूकंप दर चारपाच वर्षांनी होत आले होते. म्हणजे त्याचा जुळा आता केव्हाही येईल. आणि रेघ बंद पडली होती.

तिथे गाडी बदलून कुंभकोणमला ती उतरली. आईच्या हातची काफी उभ्यानेच प्याली. आई, जयलक्ष्मीबाई, शाळेतून निवृत्त होऊन एकट्या राहात होत्या. भाऊ आठवडाभर आला नाही आणि विचारलं तर काही बोलत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. श्रीरंजनीने रिक्षा केली आणि मरुदानल्लूर गाठलं.

मुरारीमामा ओट्यावर बसला होता. तिला बघून तो उठला, आत गेला आणि पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. बॅटरीची जोडवायर होती.

"मीच काढलों," तो म्हणाला. "कोणी मोडलें नाही. तुला तोंड कसें दाखवूं म्हणून फोन घेतला नाही."

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. पलीकडच्या गावांतून काही गाड्या फिरून गेल्या होत्या, शेतांच्या बांधांवर वायरी टाकल्या होत्या. कोण होते, कशासाठी आले होते, कुणालाच नीट कळलं नाही. पण या भागात संशयाला एवढं पुरे होतं. मिथेन, तेल, वायू हे शब्द कानावर आले की लोकांच्या डोळ्यांसमोर तेलाच्या गळतीने काळी पडलेली भाताची शेतं येत. आणि मग कुणाला तरी आठवलं, की मुरारीच्या बागेतही एक भोक आहे, त्यात वायर गेली आहे आणि वर पेटी आहे. आधी शेजारच्या शेताचा चंद्रमौली एकटाच आला. दुसऱ्या दिवशी बरेच जण आले. कुणी आवाज चढवला नाही. भोकात काय आहे, एवढंच विचारलं.

मामाला ते फार लागलं होतं. काही वर्षांपूर्वी तेलाच्या खोदकामाविरुद्ध गाव रस्त्यावर बसलं तेव्हा तोही उन्हात बसला होता, घरावर काळं निशाण लावलं होतं. शनिवारी भजनाला कंजिरा वाजवणारा आला नाही, झांजवाला आला नाही. मामाने एकट्यानेच गाऊन दिवा शांत केला.

"मामा, तूं सांगायचें होतेंस, भाची पृथ्वीच्या गाभ्याचा अभ्यास करती म्हणून."

"सांगितलों. त्यांनी विचारलें, गाभा म्हणजे किती फूट?"

तिला हसू आलं नाही. तिने यंत्र पुन्हा जोडू का विचारलं. मामाने नकारार्थी मान हलवली. भुवनेश्वरीला विचार, तिने हो म्हटलं तर जोड, असं तो म्हणाला.

भुवनेश्वरी पन्नाशीची बाई. नवरा गेल्यावर खंडाने घेतलेली जमीन तिने स्वतः कसली होती, आणि त्या आंदोलनात गावातल्या बायकांना घेऊन तीच पुढे होती. श्रीरंजनी गेली तेव्हा ती अंगणात उडीद वाळत घालत होती. तिने हात झटकले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि समोर बसून सगळं ऐकून घेतलं. श्रीरंजनी तमिळमध्ये भराभर बोलत होती. सांगून झालं तेव्हा आपल्याला धाप लागल्याचं तिच्या लक्षात आलं.

भुवनेश्वरी म्हणाली, "मी एकटी काही ठरवत नाही. रविवारी दुपारी सगळे भजनमंडपात बसू. तिथे हेच सांग, पण सावकाश सांग."

"तोवर चालू करू का, अक्का?"

भुवनेश्वरीने थोडा विचार केला. "चार वर्षं चाललंय. चार दिवसांनी काय व्हायचंय?"

रेघ पुन्हा थरथरू लागली. श्रीरंजनीचे ते चार दिवस मात्र कठीण गेले. कुंभकोणमच्या घरी ती जेवायला बसली की ताटाशेजारी फोन. आई देवळात घेऊन गेली, तिथेही फोन. एकदा पेरू हे नाव दिसलं आणि घास हातातच राहिला. पण तो भूकंप जमिनीखाली फार खोल होता, जागाही वेगळी होती. तिने नाराजीने फोन उलटा ठेवला. जयलक्ष्मीबाई ते बघत होत्या.

"आज सकाळपासून तूं कशाची वाट बघतीस तें मला कळलें," त्या म्हणाल्या. "भूकंप होऊ दे म्हणून कोण देवाकडें मागतें?"

श्रीरंजनीने सांगितलं, की हा भर समुद्रात होतो, लहान असतो, त्यात कुणाला काही होत नाही. आईंनी तिला भात वाढला. पण तो दिवसभर तिच्या मनातून ते गेलं नाही. तिने मागितला तसा, तितकाच भूकंप येईल, याची हमी कोण देणार होतं? जमिनीला काय ठाऊक, की हैदराबादच्या एका बाईला फक्त लहान हवा आहे.

शनिवारी तिचे वरिष्ठ विष्णुवर्धन यांचा फोन आला. हा प्रकल्प उभा करायला त्यांनीच जिवाचं रान केलं होतं. त्यांचा सल्ला साधा होता. गाववाल्यांना सांगायचं, की या यंत्राचा तेलाशी काही संबंध नाही. हे खोटं तर नव्हतं.

खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. मरुदानल्लूरची नोंद संस्थेत नुसती पडून राहात नसे. ती जगात कुणालाही बघायला खुली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्याच शेजारच्या खोलीतल्या एकाने त्या रेघेतली रोजची कुजबूज चाळून गावाखाली गाळ किती जाड आहे, त्याच्याखाली कोणते थर आहेत, याचा अंदाज काढला होता. तेव्हा तिला आनंदच झाला होता. आपल्या यंत्राचा आणखी कुणाला उपयोग झाला म्हणून तिने मिठाई वाटली होती.

रविवारी मंडप भरला. पुढे बायका, खांबांना टेकून म्हातारे, दाराशी उभे असलेले तरुण. मामा मागे भिंतीपाशी बसला, जिथे तो एरवी कधी बसत नसे. श्रीरंजनीने सावकाश सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या पंगतीचं रसमचं मोठं पातेलं घ्या, ती म्हणाली. तळचं तापतं, वर येतं, वर निवतं, पुन्हा खाली जातं. पृथ्वीच्या आत वितळलेलं लोखंड असंच फिरत असतं, कोट्यवधी वर्षं. ते फिरतं म्हणून होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. ते किती खाली आहे? तेल शोधणारे फार तर इथून कुंभकोणम जेवढं लांब आहे, तेवढं खाली बघतात. मला बघायचं आहे ते इथून काश्मीर जेवढं लांब आहे, त्याहूनही खाली.

लोक ऐकत होते. एका म्हातारीने विचारलं, तिथे एवढी उष्णता असताना आपल्याला चटका कसा बसत नाही. श्रीरंजनीने ते सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, ते निवून गेलं तर काय होईल. तेही सांगितलं, आणि त्याला फार काळ आहे म्हटल्यावर मंडपात थोडं हसू पसरलं. तिला वाटलं, जमलं.

तेव्हा चंद्रमौली उभा राहिला. तो शांत स्वभावाचा माणूस होता, तिच्या लहानपणापासून मामाच्या शेजारचा.

"मुली, तू खाली कुठवर बघतेस ते कळलं. माझा प्रश्न वरचा आहे. आमच्या शेतांच्या खाली काय आहे, ते या यंत्राने कुणाला कळतं का?"

तिने मामाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. नाही म्हटलं असतं तर सगळे उठून घरी गेले असते, शनिवारी झांजा पुन्हा वाजल्या असत्या आणि यंत्र होतं तिथेच राहिलं असतं. विष्णुवर्धनांचं वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं.

"कळतं," ती म्हणाली. "थोडं कळतं. तेल आहे की नाही ते नाही कळत. पण माती किती जाड, खाली कोणते थर, हे कळू शकतं. आणि ती माहिती कुणालाही बघता येते. मी ती बंद करू शकत नाही. मला हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मला ते सुचलंच नाही."

मग सगळेच बोलू लागले. दाराशी उभ्या असलेल्या एकाने, बघितलंत ना, असं म्हटलं. भुवनेश्वरीने हात वर केला.

"तिला आपण विचारलं, तिने सांगितलं," ती म्हणाली. "आता आपण आपलं ठरवू."

ठरायला वेळ लागला नाही. यंत्र काढायचं. पुढच्या रविवारपर्यंत.

बाहेर आल्यावर भुवनेश्वरी तिच्याजवळ आली. "नाही म्हणाली असतीस तर माझा विश्वास बसला असता," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. ते कौतुक होतं की दुःख, श्रीरंजनीला उमगलं नाही.

विष्णुवर्धनांनी फोनवर फार राग केला नाही, हेच तिला जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, की जागा हलली तर पहिला भूकंप वाया गेला. ते तिलाही ठाऊक होतं. मग त्यांनी फोन ठेवून दिला.

तो आठवडा ती मामाच्याच घरी राहिली. सकाळी उठून बागेत जायची, पेटीपाशी बसायची, लॅपटॉपवर रेघ बघायची. मामा तिथे खुर्ची आणून ठेवायचा, ती उभीच राहायची. यावा असं वाटायचं आणि आईचं बोलणं आठवलं की येऊ नये असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. मामीने एकदा सांगितलं, की ती झोपेतसुद्धा पाय हलवते. शनिवार उजाडला तरी काही आलं नाही. तिने स्वतःच वायर सोडवली.

यंत्र वर काढायला माणसं लागणार होती. मामाने कुणाला बोलावलं नव्हतं, तरी चंद्रमौली आला, त्याच्याबरोबर नारळ उतरवणारे दोघे आपला दोर घेऊन आले. सगळ्यांनी मिळून ओढलं. चिखलाने माखलेली ती नळी गवतावर आडवी झाली तेव्हा चंद्रमौलीने ती आपल्या खांद्यावरच्या टॉवेलाने पुसली. एवढंच का, असं तो म्हणाला. सगळ्यांनी मामाच्या ओट्यावर ताक घेतलं. जाताना चंद्रमौलीने विचारलं, आज भजन किती वाजता. मामाने वेळ सांगितली.

श्रीरंजनी हैदराबादला परतली आणि पंधरवड्याच्या आत जुळा आला. तोच समुद्र, तीच जागा, तेवढाच जोर. फोनवर ते नाव दिसलं तेव्हा ती संस्थेच्या उपाहारगृहात रांगेत उभी होती. तिने पहिल्यांदा घड्याळ पाहिलं आणि वीस मिनिटं मोजली. त्या वेळी लाट मामाच्या बागेतून वर आली असणार आणि तिथे तिला ऐकायला काहीच नव्हतं. पलीकडे कुणाला काही झालं का, हे तिने त्यानंतर बघितलं. कुणाला काही झालं नव्हतं. आपण कोणती गोष्ट आधी बघितली, हे तिच्या लक्षात आलं, आणि ताट तसंच टाकून ती बाहेर पडली. संस्थेच्या आवारात ती ऊन उतरेपर्यंत चालत राहिली.

संध्याकाळी भुवनेश्वरीचा फोन आला. नंबर मामाकडून घेतला होता. टीव्हीवर खाली पट्टीत पेरूचं नाव धावताना तिने पाहिलं होतं.

"तुझा होता का तो?"

"होता, अक्का."

"कुणी मेलं का?"

"नाही."

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग भुवनेश्वरी म्हणाली, की तिला वाईट वाटलं, पण रविवारी ठरलं ते चुकीचं ठरलं असं तिला वाटत नाही. श्रीरंजनी म्हणाली, मलाही वाटत नाही. हे म्हणताना ते खरं आहे की नाही याची तिला खात्री नव्हती, पण म्हटल्यावर ते खोटं वाटलं नाही.

"आणखी एक विचारायचं होतं," भुवनेश्वरी म्हणाली. "पूर्वेकडच्या गावांत बोअरला खारं पाणी यायला लागलंय. आमच्याकडे कधी पोचेल, ते तुझ्या यंत्राने कळेल का?"

"त्या यंत्राने नाही कळणार. त्याला दुसरं लागतं, जमिनीत वीज सोडून बघतात. ते माझं काम नाही, पण करणारे मला माहीत आहेत."

"ते बघून जे कळेल, ते आधी कुणाला सांगतील?"

श्रीरंजनी थांबली. या वेळी घाई करायची नाही, असं तिने ठरवलं. "ते मला विचारावं लागेल," ती म्हणाली. "विचारून सांगते."

"विचार. मग ये आणि मंडपात सांग."

फोन ठेवून श्रीरंजनी भूजलावर काम करणाऱ्यांच्या इमारतीकडे निघाली. त्यांची जायची वेळ झाली होती, म्हणून ती जवळजवळ धावतच गेली.